भूल न घेता

३ मार्च, सोमवार

उजवीकडची खालची, शेवटून दुसरी दाढ. दुखत नाही. जाणवते. या दोन्हींत फरक आहे आणि ज्याला तो कळतो तो डॉक्टरकडे धावत सुटत नाही.

सकाळी गार पाणी प्यालो तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकले. पाणी वाजवीपेक्षा जास्त गार होतं. फ्रिजचा आकडा कमी केला. बायकोने तो परत वाढवला.

संकल्प: डाव्या बाजूने चावणे. लवंगेचं तेल दिवसातून तीनदा. पंधरा दिवसांत प्रकरण निकालात, आणि तेही इंजेक्शन न घेता.

भीतीचा प्रश्नच नाही. बावीस वर्षांपूर्वी दाताच्या इंजेक्शनची मला रिअ‍ॅक्शन आली होती. खुर्चीतच बेशुद्ध. घरात, नात्यात, कारखान्यात सगळ्यांना हे माहीत आहे, कारण मी सांगितलेलं आहे. मी सेफ्टी ऑफिसर आहे. एकदा अपघात झाला त्या जागी माणसाला परत पाठवायचं नाही, आधी चौकशी करायची, हा माझा धंदाच आहे.

४ मार्च, मंगळवार. दुपारी

कारखान्यात निवांत होतो म्हणून दाढेचं रिस्क असेसमेंट केलं. आमच्याच फॉर्मवर. काम: दाढ काढणे. धोका: भुलीचं इंजेक्शन. शक्यता पाचपैकी चार, गंभीरता पाचपैकी पाच. गुणाकार वीस. वीसला आमच्याकडे लाल रंग लागतो आणि शेरा येतो, 'काम त्वरित थांबवा'.

मनाला बरं वाटलं. कागदावर आलं की गोष्ट स्वच्छ दिसते.

घरी आणून बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, अहो, इथे 'काम न केल्यास होणारा धोका' असा एक रकाना आहे, तो कोरा का? म्हटलं, तो मशीनसाठी असतो. ती 'बरं' म्हणाली. तिचं 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

गोंदमास्तर जेवणाच्या सुट्टीत दाढ काढून आला. हा आमच्या खोक्यांच्या कारखान्यात गोंद शिजवतो. तीस वर्षं त्या वाफेत उभा राहून त्याचा चेहराही थोडा गोंदासारखा झालाय. दीड वाजता गेला, पावणेतीनला परत हजर. ओठ एका बाजूला लोंबलेला, गालात कापसाचा बोळा. चहा प्यायला गेला तर निम्मा शर्टावर. सगळे हसले, तोही हसला. बोळ्याआडून म्हणाला, साहेब, मुंगी चावल्यागत झालं, मग काही कळलंच नाही.

मी त्याला लगेच मशीनपासून दूर बसवलं आणि दर दहा मिनिटांनी नाडी बघितली. शेवटी तो म्हणाला, साहेब, माझी नाडी ठीक आहे, तुमचा हात का थरथरतोय?

नोंद: एका माणसाला काही झालं नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. तसा तर तो हेल्मेटही घालत नाही.

लवंगेच्या तेलाने हिरडी सोलली आहे. म्हणजे तेल काम करतंय.

९ मार्च, रविवार

दादा जेवायला आला. दर रविवारी येतो. माझा थोरला भाऊ, एकसष्ट वर्षांचा, लग्न केलं नाही. आमचे वडील गेले तेव्हा तो सोळाचा आणि मी नऊचा. शाळा सोडून घड्याळं दुरुस्त करायला बसला, तो आजतागायत त्याच टेबलाशी. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढा स्क्रू बसवतो, हात हलत नाही. मी चोपन्नचा झालो तरी त्याच्या तोंडी मी छोट्याच.

आज त्याने भात नुसता कालवून गिळला. बायकोने विचारलं, भाऊजी, दात का? तो म्हणाला, हो, खालची दाढ. हिरडी फुगलीय. दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या या आठवड्यात काढून टाकू. त्याला साखरेचा आजार आहे आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, म्हणून बाईंनी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली. तीही त्याने आणली होती. शर्टाच्या खिशातून काढून माझ्यापुढे ठेवली. 'बधिर करण्याचं इंजेक्शन देण्यास हरकत नाही, नेहमीच्या गोळ्या बंद करू नयेत.' सही, शिक्का.

दादा म्हणाला, छोट्या, तू सेफ्टीतला माणूस. तू सांग.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं. दादाने आजवर मला काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. मी त्याला सगळं समजावलं. त्या इंजेक्शनमध्ये अ‍ॅड्रिनलिन असतं. त्याने छाती धडधडते. स्टेंटवाल्या माणसाची छाती धडधडवायची कशासाठी? चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर तिथे खुर्चीशेजारी उभा राहणार आहे का? आणि माझं काय झालं होतं ते तुला आठवतंय ना.

दादाने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, तू म्हणतोस तर थांबतो. तू आधी नीट चौकशी कर, मग ठरवू.

बायको भांडी घासत होती. नेहमीपेक्षा जोरात.

११ मार्च, मंगळवार

चौकशी केली. त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. 'फक्त माहितीसाठी' हे आधीच स्पष्ट केलं. जिना चढून पहिला मजला, बाहेर पाच खुर्च्या, माशांची टाकी, त्यात एकच मासा. आत पांढरा दिवा आणि ती खुर्ची. मी स्टुलावर बसलो.

बाई तिशीच्या. माझ्या मुलीएवढ्याच. बारा प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी बाराही उत्तरं दिली, न चिडता. आधी रक्तदाब बघतो. हिरडीवर जेल लावतो, सुई टोचलेली फारशी कळत नाही. सुई आत गेल्यावर किंचित मागे ओढून बघतो, रक्तवाहिनीत नाही ना. मग सावकाश सोडतो. वजनाप्रमाणे किती द्यायचं याची मर्यादा ठरलेली असते, आम्ही तिच्या जवळपासही जात नाही. हृदयाचा त्रास असेल तर अ‍ॅड्रिनलिन कमी किंवा बिलकुल नाही. खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित. लोक घाबरून चक्कर येऊन पडतात आणि तिला रिअ‍ॅक्शन म्हणतात.

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हणायची गरज नव्हती.

बाराव्या प्रश्नाला मात्र त्या सापडल्या. विचारलं, भूल हमखास चढतेच का? म्हणाल्या, बहुतेक वेळा चढते. पण हिरडीत पू झाला, सूज आली, की त्या जागी औषध नीट लागू पडत नाही. मग दुसऱ्या जागी, नसेच्या मुळाशी द्यावं लागतं, कधी आधी पू काढून टाकावा लागतो. म्हणून तर म्हणते, सूज वाढायची वाट बघू नका. तुमच्या भावांनाही आजच पाठवा, त्यांना साखर आहे.

वहीत लिहून घेतलं: 'सूज असताना भूल लागू पडत नाही – डॉक्टरांची कबुली.'

मग त्या म्हणाल्या, तुमचीही दाढ बघू का? म्हटलं, आज वेळ नाही. त्या वेळी साडेपाच वाजले होते आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

दादाला फोन केला. सांगितलं, डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणाल्या की सूज असताना इंजेक्शनचा उपयोग होत नाही. म्हणजे तुला सुईही टोचणार आणि दुखणारही. तेव्हा आधी सूज उतरू दे. आमच्याकडे मागच्या वर्षीच्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या उरल्यात, त्या आणून देतो.

तो म्हणाला, असं म्हणाल्या का? मग थांबलेलं बरं.

जे म्हणाल्या तेच सांगितलं. त्यात माझा एक शब्द नाही.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ७

विजय! उठलो तर दाढ गप्प. गार पाणी प्यालो. काही नाही. चमच्याने ठोकून पाहिलं. काही नाही. ग्लासभर बर्फाचं पाणी आरशासमोर उभा राहून प्यालो.

अकरा दिवसांत दुखणं गेलं. सुईविना. बायकोला म्हटलं, बघ. तिने मुलीला फोन लावला. मुलगी परगावी असते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती फोनवर म्हणाली, बाबा, दुखणं असं एकदम थांबलं म्हणजे आतली नस मेली असेल. ते बरं होणं नव्हे. आता आतल्या आत कुजेल.

औषधं विकणाऱ्यांना सगळीकडे कुजलेलंच दिसतं.

दादाला लगेच कळवलं: माझी आपोआप थांबली, तुझीही थांबेल. त्याचा आवाज जरा जाड वाटला. म्हणाला, तोंड पूर्ण उघडत नाहीये रे, पण तुझी थांबली हे ऐकून बरं वाटलं.

१५ मार्च, शनिवार

आज बायको असं काही बोलली की ते लिहावं की नाही याचा विचार करतोय. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

मी शेजाऱ्यांना माझी जुनी रिअ‍ॅक्शन सांगत होतो. ते गेल्यावर ती दार लावून आली आणि समोर बसली. म्हणाली, मी तिथेच होते, आठवतं का? दाराशी स्टुलावर. पदरात तुमचा चष्मा होता. डॉक्टरांनी सुई हातात घेतलीच नव्हती. ती ट्रेमध्ये होती, टोपण लावलेली. तुम्ही ट्रेकडे बघितलंत आणि खाली घसरलात. इंजेक्शन दिलंच नव्हतं.

म्हटलं, मग बावीस वर्षं का नाही बोललीस?

म्हणाली, तुम्हाला तसं सांगून बरं वाटायचं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण आता भाऊजी तुमच्यावर भरवसा ठेवून बसलेत. त्यांना खरं सांगा.

अपघाताच्या चौकशीत साक्षीदारांवर फार विसंबू नये असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. लोकांना नंतर भलतंच आठवतं. शिवाय स्टुलावरून ट्रे दिसला असेल का, हाही प्रश्न आहे.

रात्री जेवलो नाही. भूक नव्हती.

१७ मार्च, सोमवार

सकाळच्या पाळीला दर सोमवारी मी पाच मिनिटं बोलतो. आजचा विषय आधीच लागलेला: 'लहान तक्रारीकडे दुर्लक्ष नको'. मशीनचा आवाज बदलला, पट्टा घासला, तर त्याच दिवशी कळवा, मोडेपर्यंत थांबू नका, असं बोललो. बोलताना माझा उजवा गाल थोडा पुढे आलेला होता. गोंदमास्तर पहिल्या रांगेत होता. तो हसला नाही. नंतर बाजूला येऊन म्हणाला, साहेब, मी येऊ का बरोबर? मी हात धरून बसेन.

असल्या गोष्टींनी शिस्त बिघडते. त्याला सांगितलं, जागेवर जा.

संध्याकाळी दादाकडे जायचं होतं. पाऊल निघालं नाही. दमलो होतो.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी

दादाकडे जाऊन आलो. त्याची एकच खोली, खिडकीला लागून टेबल, टेबलावर उघडी पडलेली तीन घड्याळं. तो त्यांच्याकडे पाठ करून पलंगावर बसला होता. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना सूज, दगडासारखी. तोंड बोटभरही उघडत नाही. रुमाल तोंडाशी धरलेला. लाळ गिळताना डोळे मिटतो. अंगात ताप.

मी बर्फ नेला होता. तो गालाला लावला.

दादा सावकाश, जिभेला वजन बांधल्यासारखा बोलला. छोट्या, आता जाऊ का त्या बाईंकडे?

हे नीट लिहायला हवं. त्याने विचारलं, जाऊ का. मला 'जा' म्हणता आलं असतं. दोन अक्षरंही नाहीत. रिक्षा खालीच उभी असते. पण मी जा म्हटलं असतं तर आतापर्यंतचं सगळं चूक ठरलं असतं, आणि मग त्याच जिन्याने मलाही वर जावं लागलं असतं. हे तेव्हा मनात आलं नव्हतं. आता लिहिताना आलं. तेव्हा मी फक्त गोळ्यांची पट्टी बघितली. दोन उरल्या होत्या.

म्हटलं, एवढा कोर्स पुरा कर. मग परवा मी स्वतः घेऊन जातो.

त्याने मान हलवली. म्हणाला, घरी तिला सांगू नको, ती काळजी करेल.

नाही सांगितलं. दादाची इच्छा.

२० मार्च, गुरुवार

पहाटे साडेपाचला दादाच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींचा फोन. वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून त्या गेल्या. दादा खुर्चीवर पुढे वाकून बसला होता, आडवं पडलं की श्वास घेता येत नव्हता. जीभ वर आलेली. रुमाल ओला चिंब.

हॉस्पिटल. ट्रॉलीवरही तो आडवा होईना. बसवूनच नेला. डॉक्टरांनी एकदा तोंडात बघितलं आणि धावायला लागले. डॉक्टर धावताना मी पहिल्यांदाच बघितले. तासाभराने एक जण बाहेर आला. म्हणाला, दाढेतला पू जबड्याखाली आणि गळ्यात पसरलाय, श्वासाची वाट दाबली गेली. गळ्याला छेद देऊन नळी घातलीय. साखर चारशेच्या वर. मग विचारलं, दाताच्या डॉक्टरांना दाखवलं नव्हतं का?

बायको माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, आज जायचंच होतं.

हे खोटं नाही. परवा म्हणालो होतो, आज परवाच होता.

२२ मार्च, शनिवार

हॉस्पिटलने दादाचे कपडे पिशवीत घालून दिले. बायकोने धुवायला काढताना खिसे तपासले. चिठ्ठी निघाली, हृदयाच्या डॉक्टरांची. घड्या पडून पडून मऊ झालेली. शिक्क्याखाली दादाने पेन्सिलने लिहिलं होतं, घड्याळाच्या पावत्यांवर लिहितो तसल्या बारीक अक्षरात: 'छोट्याला विचारणे.'

तिने ती माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि कपडे भिजवायला गेली.

पू छातीत उतरलाय, असं आज डॉक्टर म्हणाले. दोन नळ्या आणखी.

एका परिचारिकेला विचारलं, या सगळ्यासाठी त्याला भूल दिली तेव्हा हृदयाला काही झालं नाही ना? ती म्हणाली, हृदयाने छान साथ दिली, काका. हृदयाची काळजीच नाही.

२४ मार्च, सोमवार

दादा शुद्धीवर. पाच मिनिटं आत सोडलं. गळ्यात नळी, त्यामुळे आवाज नाही. उशाशी एक पाटी आणि पेन ठेवलेलं, पांढरी, पुसून परत लिहायची. मला बघून त्याने बोट हलवलं. पाटी हातात दिली. हात हलत होता. दादाचा हात हलताना मी कधीच पाहिला नव्हता. बराच वेळ लावून लिहिलं.

'तुझी दाढ?'

मी म्हटलं, काढली.

त्याने परत लिहिलं. 'दुखलं?'

म्हटलं, नाही रे. मुंगी चावल्यागत.

तो हसला असावा. गाल सुजलेले, पण डोळ्यांवरून कळतं. मग त्याने डोळे मिटले आणि हात माझ्या मनगटावर ठेवला, नाडी बघतात तिथे. माझी दाढ तोंडात जिथल्या तिथे होती आणि ठणकत होती.

बाहेर आलो तर बायकोने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, काही नाही, तब्येत विचारत होता.

२६ मार्च, बुधवार

दादा गेला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

डॉक्टरांनी कारण लिहिलं: दातापासून पसरलेला जंतुसंसर्ग. फॉर्ममध्ये तेवढ्या शब्दांची जागा होती.

७ एप्रिल, सोमवार

कामावर रुजू. सगळे हळू बोलतात. मॅनेजर म्हणाले, नशिबापुढे कोणाचं चालत नाही. हेच बरोबर आहे. साखर, हृदय, वय. शिवाय त्या बाईंनी फोन करून ठणकावून सांगायला हवं होतं.

सोमवारचं बोलणं होतं. फळ्यावर विषय लिहिला आणि पुढे काही सुचेना. माणसं उभी होती. गोंदमास्तर म्हणाला, साहेबांना आज बरं नाही, चला कामाला.

रिस्क असेसमेंटचा तो कागद ड्रॉवरमध्ये सापडला. कोरा रकाना भरायला घेतला. 'काम न केल्यास होणारा धोका'. पेन टेकवलं, शाईचा ठिपका पडला. तेवढ्यात फोन आला.

९ एप्रिल, बुधवार

दादाची खोली रिकामी केली. दुरुस्तीला आलेली घड्याळं लोकांना परत द्यायची आहेत. तीन पुरी झाली नव्हती. एक बाई तिचं घेऊन गेली, म्हणाली, त्यांनी सोमवारी देतो म्हटलं होतं, ते कधी चुकायचे नाहीत.

बायको त्या पलंगावर बसली आणि म्हणाली, मी फोन केला असता तर भाऊजी गेले असते माझ्या शब्दावर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही केला. मला तिला सांगायचं होतं की तुझा दोष नाही. पण ते सांगितलं असतं तर पुढचं वाक्य माझं होतं.

गाल सुजलाय. उजवीकडे झोपता येत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

आज गेलो. गोंदमास्तर जिन्यापर्यंत आला. त्याला खाली थांबवलं, मग वर जाण्याआधी त्याला घरीच पाठवलं. शिस्तीचा प्रश्न नव्हता. त्याने हात धरला असता तर मी रडलो असतो.

डॉक्टरीणबाईंना दादाचं कळलेलं होतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. रक्तदाब बघितला, मिनिटभर थांबून परत बघितला. म्हणाल्या, आधी काही त्रास झाला होता का इंजेक्शनचा?

म्हटलं, नाही. घाबरून पडलो होतो. सुई ट्रेमध्येच होती.

बावीस वर्षांचं हे तीन वाक्यांत संपलं. त्यांनी कार्डावर लिहिलं आणि खुर्ची आडवी केली, म्हणजे चक्कर आली तरी पडणार नाही. जेल लावलं. कडवट, गोडसर. म्हणाल्या, डोळे मिटा, पायाची बोटं हलवत राहा. टोचलं. छाती थोडी धडधडली, त्या म्हणाल्या, हे होतं, दोन मिनिटांत जाईल. गेलं. ओठ जड झाला, मग जीभ. सूज होती म्हणून एकदा पुरेशी भूल चढली नाही, तसं मी हात वर करून सांगितलं. त्या लगेच थांबल्या. मागे, जबड्याच्या कोपऱ्यात दुसरं दिलं, दहा मिनिटं वाट बघितली, आरशाच्या टोकाने टोचून खात्री केली. मग नुसता दाब. कुठेतरी दूर, दुसऱ्याच कोणाच्या तरी तोंडात काहीतरी करकरलं.

झालं, म्हणाल्या.

घड्याळात बघितलं. टोचल्यापासून सव्वीस मिनिटं, त्यातली बहुतेक वाट बघण्याची. दाढ वाटीत ठेवली होती. एवढीशी. दादाची याहून मोठी नसणार.

डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. बाई म्हणाल्या, दुखतंय का? मान हलवली, नाही. त्यांनी गालात बोळा दाबायला दिला आणि बाहेर अर्धा तास बसून जायला सांगितलं.

बाहेर माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसले. साठीचे असतील. डावा गाल सुजलेला, रुमाल धरलेला. एकटेच. काउंटरवरच्या बाईने विचारलं होतं, नाव लिहू का? ते म्हणाले होते, थांबा जरा, आधी विचार करतो. माझ्याकडे बघून म्हणाले, काढलीत का? इंजेक्शन देतात ना हो? मला शुगर आहे. आमचे व्याही म्हणतात, साखरवाल्याने ते घेऊ नये, माणूस जातो त्याने.

मी त्यांना सांगणार होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याजवळ खरोखर माहिती होती. म्हणणार होतो, काही होत नाही, आत्ता आत जा, आजच्या आज, माझा भाऊ असाच थांबला होता. तोंड उघडलं. जीभ जागची हलेना. 'का... होऽऽ... आअऊ' असं काहीतरी बाहेर पडलं. बोळा सरकला आणि हनुवटीवरून रक्तमिश्रित लाळ ओघळली. डोळे तर आधीपासून वाहतच होते. मी त्यांचा हात धरला. घट्ट धरला असणार, कारण त्यांनी तो ओढून घेतला.

ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, अरे देवा. आणि जिन्याकडे निघाले.

मी मागे धावलो. जिन्यात हाक मारली, तीही तसलीच. त्यांनी वळून बघितलं आणि आणखी भराभर उतरले. मी रस्त्यावर पोहोचेपर्यंत ते दिसेनासे झाले होते. फुटपाथवर लोक मला वळसा घालून जात होते.

परत वर येऊन बसलो. कदाचित ते फेरी मारून येतील. सहा वाजले. आधी ओठाला मुंग्या आल्या, मग जीभ सुटली, मग खड्डा दुखायला लागला. मी खुर्ची सोडली नाही. सातला काउंटरवरची बाई दिवे मालवायला लागली.

मी उठून विचारलं, ते मघाचे गृहस्थ, गाल सुजलेले, त्यांचा काही फोन नंबर आहे का? सगळे शब्द स्पष्ट आले.

तिने वही पुढून मागून चाळली. म्हणाली, कोणते, नाव न लिहिताच गेले ते? त्यांचा नंबर कुठून असणार?